गाऱ्हाण्यातला दर

ते दर सांगत नसत, अशी तक्रार डिचोली आणि पेडणे या दोन्ही तालुक्यांत ऐकू येई. ती अर्धीच खरी होती. दर ते सांगत. फक्त माणसांना सांगत नसत.

घरावर कललेली, आतून पोकळ झालेली, विजेच्या तारांत अडकलेली झाडे विंच लावून पाडून देणे हा त्यांचा धंदा होता. करवतवाला झाड कापतो आणि बाजूला होतो. विंचवाला झाडाच्या उंच भागाला पोलादी तार बांधतो, तिचे दुसरे टोक कप्पीतून फिरवून यंत्राच्या रिळावर घेतो आणि बुंध्याला खाच पडत असताना तार ओढत झाड हव्या त्या बाजूला आणून निजवतो. त्यामुळे विंचचा खर्च नुसत्या कापणीच्या तिप्पट-चौपट होतो. किती होईल, हे गिऱ्हाइकाला आधी कळावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते.

कामाच्या दिवशी सकाळी बुंध्याशी नारळ आणि विडा ठेवून गाऱ्हाणे घालायची आमच्याकडे रीत आहे. जागेच्या राखणदाराला सांगायचे की असे असे काम करतो आहोत, सांभाळून घे. एक जण मोठ्याने सांगतो आणि बाकीचे हात जोडून दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. एरवी हे काम गावातला एखादा जाणता माणूस करतो. विंच आला असेल, तर विंचवाले स्वतः करत. डोक्यावरची टोपी काढून काखेत धरत आणि घसा साफ करून सुरू होत:

“बा देवा म्हाराजा, हयसरच्या राखणदारा, आज ह्या लेकरांनी तुझ्या जाग्यातला ह्या झाड काढूचा ठरवल्यानी असा रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“झाड म्हातारा जाला, घरार इला, कोणाच्या मनात वायट नाय रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“चार माणसा, एक मशीन, दोन कप्प्ये आणि शंभर हात तार लागतली. तेचे अठरा हजार रुपये आणि चार माणसांचा जेवाण ह्या लेकरांनी खुशयेन मान्य केल्यानी असा रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

लोक म्हणून मोकळे होत आणि मग एकमेकांकडे पाहत. कोणी धीर करून म्हणालेच, की दर आधी सांगायला हवा होता, तर ते नारळाकडे बोट दाखवत. “मी तेका सांगलंय. तू तेका व्हय म्हटलंस. आता माझ्याकडे कित्याक येतस?”

आयुष्यभर गाऱ्हाण्याला उभा राहिलेला माणूस प्रत्येक वाक्याचा अर्थ लावत बसत नाही. तोंड आपोआप उघडते. त्यांच्या धंद्याची सगळी इमारत या एका सवयीवर उभी होती.

मी त्यांना ओळखू लागले ते बातमीच्या निमित्ताने. त्या वर्षी वळवाच्या वादळात दोन्ही तालुक्यांत बरीच झाडे पडली होती आणि उरलेली धोक्याची झाडे काढायला किती खर्च येतो यावर मजकूर करावा, असे आमच्या वृत्तसंपादकांनी सांगितले. मी तीन कंत्राटदारांना फोन केले. दोघांनी खोडाच्या घेराप्रमाणे दर सांगितले. तिसरे हे होते.

“साधारण किती होतात?” मी विचारले.

“कसले?”

“झाडाचे.”

“झाडाचे पैशे मी घेतच नाय, बाय. झाड आपल्या वजनान पडता. ता खंय पडूक नको, तेचे मी पैशे घेतंय.”

हे वाक्य मी उतरवून घेतले. मजकुरात ते छापूनही आले, पण दराच्या चौकटीत त्यांच्या नावापुढे रेघ मारावी लागली.

पुढे तीन-चार कामांवर मी त्यांच्याबरोबर गेले. ते मूळचे पेडण्याकडचे. उमेदीची वर्षे त्यांनी खनिज वाहणाऱ्या बार्जवर काढली होती. खाणी बंद झाल्यावर बार्ज नदीकाठाला गंजत राहिल्या. त्यांतली एक भंगारात निघाली तेव्हा तिच्यावरचा नांगर ओढायचा विंच त्यांनी विकत घेतला आणि जुन्या ट्रकच्या सांगाड्यावर बसवला. विंचबरोबर बार्जवरच्या काही सवयीही डोंगरावर आल्या. तार सुरू करण्यापूर्वी ते पितळी घंटा तीनदा वाजवत. आणि काम चालू असेपर्यंत अंगात नारिंगी लाइफ जॅकेट घालत.

कारापूरच्या एका बागायतीत, नदीपासून बऱ्याच उंचीवर, एका गृहस्थांनी त्यांना विचारले, “हांगा बुडपाची भीती आसा काय?”

“बुडूची नाय,” ते म्हणाले. “चेपूची असा. माझ्या माणसांका मी दिसाक व्हयो.”

झाड बघायला आले की ते झाडाकडे पाठ करून फिरत. घेर मोजत नसत, उंची विचारत नसत. विहीर कुठे आहे, पाण्याची टाकी कोणाची, दगडी कुंपणाचा गडगा कोणी घातला, गोठ्यात गाय आहे की नुसता गोठा आहे, हे विचारत. पहिला प्रश्न परवान्याचा असे. कागद हातात आल्याशिवाय ते दुसरे पाऊल टाकत नसत. आणि शेवटचा प्रश्न ठरलेला होता.

“शेजाऱ्यांशी बोलणा असा?”

सुरुवातीला मला ही चौकशी आगाऊपणाची वाटली. त्यामागचा हिशेब नंतर कळला. झाड घरापासून दूर ओढायचे तर तार पलीकडच्या बाजूला बांधावी लागते, आणि आमच्या गावांत पलीकडची बाजू बहुधा शेजाऱ्याची असते. शेजारी बोलत असेल, तर त्याच्या फणसाला किंवा चिंचेला कप्पी अडकवता येते. बोलत नसेल, तर तार लांबून फिरवावी लागते, ट्रक रस्त्यावर उभा करावा लागतो, कप्प्या वाढतात, माणसे वाढतात. खर्च दीडपट, कधी दुप्पट होतो.

“भांडणाचो दर येगळो असता,” ते सांगत. “माका भांडणाचो तोटो नाय. तुमका असा.”

तारेच्या बाबतीत मात्र ते कोणाचे काही चालू देत नसत. जमिनीवर पसरलेली तार ढिली असली तरी ती कोणी ओलांडायची नाही. शिरगावातल्या एका कामावर पूजा सांगायला निघालेले भटजी घाईत ओलांडून गेले. यांनी विंच थांबवला, सगळी तार पुन्हा रिळावर घेतली आणि नव्याने पसरायला सुरुवात केली. त्याला चाळीस मिनिटे लागली. भटजींची स्कूटर तारेच्या अलीकडे राहिली होती आणि ते पलीकडे.

“अहो, माझा मुहूर्त चुकतो,” भटजी म्हणाले.

“माझोय,” हे म्हणाले.

त्यांची पद्धत दोनदा फसल्याचे मला माहीत आहे. एकदा मोपाच्या बाजूला. विमानतळ झाल्यावर तिथे एका बाहेरच्या गृहस्थाने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. खोल्यांच्या कौलांवर किंजळाचे एक झाड कलले होते. गाऱ्हाणे झाले. कामगारांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटले, पण हे गृहस्थ नम्रपणे हात जोडून गप्प उभे राहिले. त्यांना म्हणायचे असते, हेच ठाऊक नव्हते. सगळे आटोपल्यावर त्यांनी दर विचारला आणि निम्मा करून मागितला.

विंचवाले म्हणाले, “दी अर्धे. चलतत.”

गृहस्थ खूश झाले. यांनी व्हरांड्यातली एक प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, झाड आणि खोल्या यांच्या बरोबर मध्ये नेऊन ठेवली आणि म्हणाले, “काम जायसर तुम्ही हयसर बसा. काय करूचा नाय. नुसता बसा.”

“का?”

“अर्ध्या पैशात मी अर्धीच काळजी घेतलंय. उरलेली तुम्ही घेवा.”

पूर्ण दर ठरला. खुर्ची जागेवर गेली. संध्याकाळी त्याच खुर्चीत बसून यांनी त्या गृहस्थांबरोबर तीन उंडे पाव आणि ऑम्लेट खाल्ले आणि पुढल्या वेळी उपयोगी पडेल म्हणून त्यांना गाऱ्हाण्याला काय म्हणायचे ते शिकवले.

दुसऱ्यांदा पद्धत फसली ती त्यांनी मुद्दाम फसवली. डिचोली बाजारामागच्या एका घरमालकाला दारातला फणस काढायचा होता. झाड निरोगी होते. तक्रार एवढीच, की पाने आणि चीक नव्या गाडीवर पडतो. यांनी काही वाद घातला नाही. नारळ ठेवला, टोपी काखेत घेतली, आणि ठरलेल्या वाक्याला आल्यावर म्हणाले, “ह्या कामाचे, दारात जी गाडी उभी असा, तिच्ये किमतीयेवढे पैशे ह्या लेकरान मान्य केल्यान असा रे म्हाराजा.” घरमालकाचे ‘व्हय’ ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. मागे उभी असलेली त्याची आई हसू लागली. ती इतकी हसली, की तिला पायरीवर बसवावे लागले. त्या उन्हाळ्यात तिने यांच्या घरी त्याच झाडाचा एक फणस पाठवला.

इतर कंत्राटदारांशी पडताळून पाहता, त्यांचे दर बाजारभावाच्या आसपासच निघाले. दोन कामांत ते कमी होते. हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “देवाक खोटो दर सांगूक गावणा नाय. नायतर मी श्रीमंत जाल्लंय आसतंय.”

माझ्या मावशीच्या घराचे काम त्यांना मीच मिळवून दिले.

मावशी कारापूरजवळच्या एका वाडीत राहते. घर चिऱ्यांचे, कौलारू, बैठे. मागच्या बाजूला स्वयंपाकघर आणि देवाची खोली, आणि त्यांच्या मागे, गडग्याला लागून, एक जुना बिटकीचा आंबा. बिटकी म्हणजे लिंबाएवढा, आंबट-गोड रायवळ आंबा. हा वृक्ष दोन माणसांच्या कवेत मावत नव्हता. वाळवीने तो आतून पोखरला होता आणि वादळानंतर तो घराच्या बाजूला इतका कलला, की स्वयंपाकघराच्या जनेलातून वर पाहिले तर आकाश दिसत नसे. पाऊस दोन-तीन आठवड्यांवर आला होता. परवाना मिळाला होता. मावशी आणि गुडघ्याचे ऑपरेशन झालेले काका, अशी दोघेच त्या घरात होती.

मावशीकडे काजू बी विकून आलेले वीस हजार रुपये होते. गावातला एक करवतवाला सहा हजारांत काम करायला तयार होता. दोरी बांधतो, चार जण ओढतात, काय होत नाही, असे त्याचे म्हणणे होते. मावशीला ते पटत आले होते. मी विंचवाल्यांना घेऊन गेले.

ते झाडाकडे पाठ करून परसात फिरले. घराच्या दोन्ही बाजूंना माडांची दाटी होती. झाड पडायला मोकळी जागा एकच होती, गडग्यापलीकडचे खळे. तिथे एक जुनी चिंच होती. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले.

“थंय कोण रवता?”

“दिराचा घर,” मावशी म्हणाली. दीर वारल्यावर तिथे तिची धाकटी जाऊ एकटी राहत होती.

“बोलणा असा?”

काका वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले, “नऊ वर्षां जाली.”

“कित्याक?”

“तिका विचारा,” मावशी म्हणाली.

हे कारण मलाही कधी नीट कळले नव्हते. वाडीत त्याच्या चार आवृत्त्या होत्या. दोघी एका नळावर पाणी भरत, एका देवळात ओटी भरत, एकाच पोदेराकडून पाव घेत आणि एकमेकींकडे पाहत नसत.

“मावशे,” विंचवाले म्हणाले, “त्या चिंचेक तार बांदूक गावली, तर काम तुझ्या हातातल्या पैशात जाता. नाय गावली, तर तार रस्त्यासून फिरवची लागतली, आणि झाड माडांत घालूचा लागतला. मगे ते माड गेले आणि पैशे गेले.”

“किती जातले?”

“ता मी तुका सांगणंय नाय.”

“अंदाज?”

“तुझ्याकडे असत त्यापेक्षा जास्त.”

वरचे पैसे मी घालते, असे मी म्हटले. मावशीने माझ्याकडे पाहिले. “भाच्येच्या पैशान घर राखला म्हणून वाडयेर आयकाचा असा काय माका?”

“मगे विचार गे तिका,” काका म्हणाले.

“मी नाय.”

“तर सहा हजारवाल्याक बोलव,” विंचवाले शांतपणे म्हणाले. “पण तेच्या अगोदर देव हयसून काढून पुढच्या खोलयेत ने. आणि तुमी दोघांय भायर निजा.” ते ट्रककडे चालू लागले. बऱ्याच अंतरावर गेल्यावर मावशीने त्यांना हाक मारली.

“परवा या,” ती म्हणाली. “काय ता परवा बघूया.”

परवा सकाळी साडेसातला ट्रक आला. मावशीने जावेला विचारले नव्हते. मीही विचारायला गेले नव्हते; मला तशी ताकीद होती. स्वयंपाकघरातली गॅसची टाकी, मिक्सर आणि तांदळाचा डबा बाहेर आणून ठेवला होता. करवतवाल्यालाही निरोप होता; तो रस्त्यावर सायकलला टेकून उभा राहिला.

विंचवाल्यांनी नारळ बुंध्याशी ठेवला. पण स्वतः बुंध्याशी उभे राहिले नाहीत. दहा पावले चालून गडग्याजवळ गेले आणि झाडाकडे तोंड करून उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे, गडग्यापलीकडे, जाऊ आपल्या खळ्यात कोकमांसाठी रातांबे फोडत बसली होती. तिची आमच्याकडे पाठ होती. हात कोपरापर्यंत लाल झाले होते.

ते सुरू झाले. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. राखणदाराला हाक झाली, ग्रामदेवतेला झाली. मावशी, काका, मी आणि तिघे कामगार दर वाक्याला म्हणत होतो. झाडाचे वय सांगून झाले. त्याने किती पावसाळे घर सावलीत ठेवले ते सांगून झाले. मग ते म्हणाले:

“हिच्या सासऱ्यान दोन झीलांका दोन घरा बांदून दिल्यान रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“मदी गडगो घातल्यान तो गुरांसाठी, माणसांसाठी न्हय रे म्हाराजा.”

मावशी गप्प राहिली. आम्ही म्हटले.

“आज ह्या घराक राखूक पलीकडल्या चिंचेक तार बांदूची असा. ती चिंच धाकट्ये सुनेची. ती तिणा खुशयेन दिल्यान असा रे म्हाराजा.”

मावशीने ओठ घट्ट मिटले होते. काका गोंधळले. कामगार जमिनीकडे पाहत होते. आता वाटते, त्यांना सूचना असावी. माझेही तोंड उघडले नाही. त्या शांततेत, गडग्यापलीकडून, मान वर न करता, हातातला रातांबा फोडत जाऊ म्हणाली, “व्हय म्हाराजा.”

तिचा हात थांबला.

विंचवाल्यांनी श्वासही घेतला नाही. “आणि ह्या सगळ्या कामाचे सतरा हजार रुपये आणि चार माणसांचा जेवाण थोरल्ये सुनेन मान्य केल्यान असा रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मावशी म्हणाली.

नारळ फुटला. जाऊ उठून गडग्याशी आली. लाल हात तिने अंगापासून दूर धरले होते.

“मी खंय चिंच दिली?”

“आता दिलंस,” विंचवाले म्हणाले. “सात जणांनी आयकला. आठवो तो.” त्यांनी बुंध्याकडे बोट केले.

“माझ्या तोंडातसून गेला.”

“सगळ्यांच्या तोंडातसूनच जाता, बाय.”

ती उभी राहिली. तिला नाही म्हणता आले असते. कामगारांनी तार उतरवायला सुरुवात केली नव्हती. ते तिच्या तोंडाकडे पाहत होते, आणि मावशी जमिनीकडे. रस्त्यावरून करवतवाल्याने विचारले, “मगे मी येव काय?”

जाऊ त्याच्याकडे वळली. “तू गप रव. दोरयेन ओढतलो म्हणे. घर कोणाचा मोडता, तुझा?” मग विंचवाल्यांना म्हणाली, “चिंचेची साल सोलता नये.”

“दोन गोणपाटा घालतंय.”

“चार घाला. माझ्याकडे असत.” ती गोणपाटे आणायला घरात गेली. परत आल्यावर म्हणाली, “आणि गडग्याचे चिरे लागतत तेवढे काढा. झाडान फोडल्यार परत उपेगाचे रवचे नाय.”

हे सगळे ती विंचवाल्यांशी बोलत होती. मावशीशी एक शब्दही नाही.

पुढचे काम मी घड्याळ लावून पाहिले. तार चढवून बांधायला पन्नास मिनिटे लागली. लाइफ जॅकेट घालून ते चिंचेजवळ उभे राहिले, घंटा तीनदा वाजली, आणि तार जमिनीवरून उठली. खाच पडू लागली. अकरा वाजून दहा मिनिटांनी झाडातून लाकूड फाटल्याचा आवाज आला आणि शेंडा घराच्या दिशेने हातभर सरकला. कौलांवर दोन फांद्या टेकल्या. एक कौल फुटून खाली आले. मावशीने डोळे मिटले. विंचवाल्यांनी हात वर केला. करवत थांबली, विंच थांबला. ते झाडाकडे नव्हे, तारेकडे पाहत होते. दोन मिनिटे गेली; ती मी मोजली. मग त्यांनी दोन बोटे हलवली आणि विंच इतक्या सावकाश फिरू लागला, की तो फिरतो आहे हे फक्त आवाजावरून कळत होते. फांद्या कौलांवरून उचलल्या. झाड उभे राहिले, क्षणभर सरळ, जसे ते कित्येक वर्षांत नव्हते, आणि पलीकडे झुकले. ते पडले तेव्हा पायांखालची जमीन हलली आणि पिकायला आलेल्या बिटक्या खळ्यात, गडग्याच्या खिंडारात, मावशीच्या परसात, रातांब्यांच्या टोपलीत, सगळीकडे घरंगळत गेल्या.

घराचे नुकसान एक कौल.

मावशी स्वयंपाकघरात गेली, वर पाहून आली. मग पदर खोचून खिंडारातून पलीकडे गेली आणि बिटक्या वेचू लागली. जाऊही वेचत होती. दोघींच्या टोपल्या वेगळ्या होत्या. थोड्या वेळाने मावशी, हातातल्या बिटकीकडे पाहत, म्हणाली, “नऊ वर्षां माझ्या झाडाच्यो बिटक्यो खाल्लंस. मिसकुटाची एक बरणी धाडूक तुका जड जाली.”

“धाडली हुती,” जाऊ म्हणाली. “पयल्याच वर्सा. तू बरणी धुवन परत धाडलंस नाय, बरी म्हणून सांगलंस नाय. मगे मी कित्याक धाडू?”

“माका खंयची बरणी गावली?”

“तुझ्या घोवाच्या हातात दिली हुती. चिनयेची. निळ्या फुलांची.”

दोघींनी एकदम घराकडे पाहिले. मागच्या पायरीवर काकांनी वर्तमानपत्र थोडे वर धरले.

“ओ,” मावशी म्हणाली. “आयकतास?”

काजूच्या बागेत राखणीला जाताना ती लोणच्याची बरणी त्यांनी बरोबर नेली होती, असे काकांनी सांगितले. तिथे पेजेबरोबर ती सव्वा महिना पुरली. पुढे दोघी बोलेनाशा झाल्या, तेव्हा कारण हेच असेल असे त्यांना वाटले नाही. नंतर वाटले, पण तोवर उशीर झाला होता. “बरी हुती गो,” ते भावजयीला म्हणाले. “म्हणूनच उरली नाय.”

यानंतर जे सुरू झाले, ते मी लिहून घ्यायचा प्रयत्न केला आणि सोडला. दोघी एकाच वेळी बोलत होत्या. प्रथम काकांविरुद्ध, मग एकमेकींविरुद्ध, मग पुन्हा काकांविरुद्ध. सासूच्या बांगड्या निघाल्या, गणपतीवर टांगायच्या माटोळीचे एक कोहळे निघाले, कोणाच्या बाळंतपणात कोणी किती दिवस भात शिजवला ते निघाले. मध्येच जाऊ आडव्या खोडावर बसली. मावशीने तिला सरकायला सांगितले आणि शेजारी बसली. आवाज मात्र कमी झाला नाही.

कामगार जेवले. मीच वाढले, कारण वाढणारी बाई खोडावर होती. तार पुसून, तेल लावून रिळावर गेली. चार वाजले. विंचवाले टोपी हातात घेऊन, खोडापासून थोड्या अंतरावर उभे राहिले. मी त्यांना गाऱ्हाण्याला गडग्याजवळ का उभे राहिलात, असे विचारले.

“राखणदार म्हातारो जालो,” ते म्हणाले. “जरा मोठ्यान आणि सगळ्या बाजूंनी सांगूचा लागता.”

“पैसे घ्यायचे आहेत ना? मावशीला हाक मारू का?”

“नको.”

“का?”

“नऊ वर्षांनी बोलतत. मी मदी कसो बोलू?”

ते आणखी पाऊण तास थांबले. एकदा घसा साफ केला. कोणाचे लक्ष गेले नाही. मग जॅकेट काढून त्यांनी ट्रकमध्ये टाकले आणि मला सांगितले, की पैशांसाठी उद्या येतो, आणि उद्याही चालूच असले तर परवा. ट्रक पहिल्या दोन खेपांना चालू झाला नाही. तिसऱ्यांदा झाला, तेव्हा त्याच्या आवाजाने माडांवरचे कावळे उठले. खोडावरच्या दोघींपैकी एकीनेही वळून पाहिले नाही.